डुक्कर फियाटची हळद

"रत्ने, हळद हाय का गं जवळ?" बजामामानं बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच विचारलं.

"हळद कशाला?"

"कशाला म्हंजे? रेडिएटरला. गळतंय नव्हं!"

"नाही बाई," मी म्हटलं.

खरं तर माझ्या मांडीवर वाटीभर हळद होती. पण तिला नुसती हळद म्हणायचं मला सुचलंच नाही. ती उष्टी हळद होती. त्या दिवशी सकाळी माझ्या दिगूदादाला कराडला घरी हळद लागली होती, आणि त्याच्या अंगाला लागून उरलेली ती हळद पितळेच्या वाटीत घालून, वर खणाचा तुकडा बांधून, मी करवली म्हणून विट्याला नवरीच्या घरी घेऊन चालले होते. ती तिथं पोचल्यावरच नवरीला हळद लागायची होती.

सुर्लीचा घाट अर्धा चढून झाला होता. वैशाखातलं ऊन नुसतं भाजत होतं आणि मामाची डुक्कर फियाट कडेला उभी राहून नाकातून वाफ सोडत होती. पाठ गोल आणि नाक पुढं आलेलं, म्हणून आमच्याकडे त्या जुन्या फियाटला डुक्करच म्हणत. मामानं ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. लग्न त्यानं केलं नव्हतं. तरुणपणी पैलवानकी केली, मारुतीपुढं ब्रह्मचर्याचा शब्द दिला आणि तो पाळला. नात्यातल्या लग्नांना तो यायचा, पण मांडवाबाहेर गाडीत बसून राहायचा. बायका जिथं जमतात त्या खोलीत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. लग्नातलं त्याला कळायचं ते फक्त जेवण.

गाडीला काहीही झालं तरी औषध तो स्वयंपाकघरातूनच आणायचा. पेट्रोलची टाकी झिरपली की अंगाचा साबण, रेडिएटर गळला की हळद. हळद पाण्यात फुगते आणि बारीक छिद्रं बुजवते, असं त्याचं म्हणणं. बऱ्याचदा ते खरंही ठरायचं.

"पाणी तरी आण जा. खालच्या वळणाला पाणपोई बघितली मी," तो म्हणाला.

मागच्या सीटवर चंपूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, नवरीची साडी आणि बांगड्यांचं गाठोडं उशाला घेऊन घोरत होती. मी वाटी तिच्या शेजारी जपून ठेवली, तिला हलवून "आत्या, वाटी बघ हं" म्हटलं, तिनं "हूं" केलं, आणि मी डबा घेऊन उतारावर चालू लागले.

परत आले तेव्हा मामा खुशीत होता. बॉनेटवर खणाचा तुकडा पसरला होता आणि त्याला तो हात पुसत होता.

"मामा, वाटी कुठाय?"

"ही घे. धुवायची राहिलीय तेवढी."

वाटी रिकामी होती. बुडाशी पिवळा डाग तेवढा राहिला होता.

"यातली हळद?"

"गेली पोटात तिच्या. बघ, वाफ कशी बसली! तू न्हाई म्हणालीस, आणि वाटीभर मागं ठेवलेली."

"मामा! कुणाला विचारून?"

"चंपाक्कास्नी इचारलं की. म्हटलं, ही कसली हळद? म्हणाल्या, दिगूची उरलेली हाय. म्हटलं, घेऊ का? म्हणाल्या, हूं."

आत्या तोवर उठून बसली होती. आधी तिनं माझ्या हातातली वाटी बघितली, मग मामाकडं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला तो घाटात ऐकू गेला असेल.

"अवो पाहुणं! मी झोपंत होते!"

"झोपंत असला तरी खरंच बोलला की. उरलेली म्हंजे उरलेलीच नव्हं? उरलेलं आपण म्हशीला घालतोच की."

"म्हशीला! अवो ती उष्टी हळद! नवऱ्याची! ती लागल्याबिगर नवरी बसायची न्हाई हळदीला!"

मामाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला अजून दिसतं. एवढा उंचापुरा माणूस, पण कुस्तीत पाठ लागल्यासारखा एकदम बसकला. "आरं तिच्या," एवढंच म्हणाला आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकला.

दिगूदादाची सोयरीक आधी एकदा मोडली होती. साखरपुड्याच्या वेळी निरांजन विझलं, त्या मुलीच्या घरच्यांनी अपशकुन मानला आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला. त्यानंतर दादानं घरात लग्नाचा विषय काढू दिला नाही. वडीलही अबोल झाले. विट्याच्या झांबऱ्यांची शालन त्यानं पाहिली, तेव्हा कुठं तो पुन्हा हसायला लागला. पण त्या घरात सगळा कारभार शालनच्या आजीचा. सुपारी फुटली त्या दिवशी आजी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमच्यात उष्टी हळद आल्याबिगर पोरीला हळद लागत न्हाई. वाटी येळंवर आली पायजे." आणि आज निघताना वडिलांनी ती वाटी स्वतः माझ्या हातात दिली होती. "रत्ना, ही तुझ्यावर सोपवली," एवढंच म्हणाले. ते फार बोलत नसत.

मी रडायला लागले. आत्यानं मात्र पदर खोचला.

"रडू नगंस. पुढच्या गावात दुकान लागंल. पावशेर हळद घ्यायची, पाण्यात कालवायची, वाटीत घालायची. झालं."

"अगं पण ती दादाला लागलेली नसेल."

"हळदीला काय तोंड असतंय? पिवळी ती पिवळी. तू एवढी मास्तरीण व्हायला निघालीस आणि असलं मानतीस?"

"मग तूच का घाबरलीस एवढी?"

"मी कुठं शिकलीय?" आत्या म्हणाली. "तोंड उघडशील तर बघ. तुझ्या दादाचं लगीन हाय."

मी डोळे पुसले आणि रिकामी वाटी तिच्या हातात दिली.

मामानं गाडीत पाणी ओतलं. वाकून बघितलं तर पाणी रेडिएटरमधून नव्हे, पंख्यामागं असलेल्या पाण्याच्या पंपातून गळत होतं. त्या पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक होतं आणि तिथून थेंब थेंब पडत होता. म्हणजे दादाची हळद फुकटच गेली होती. मामानं डिकीतून साबणाची वडी काढली, ओली करून मळली आणि त्या भोकात अंगठ्यानं दाबून बसवली. "ऱ्हा आता गप," तो पंपाला म्हणाला. एरवी हे म्हणताना तो हसला असता.

पुढच्या गावात हळद घेतली. आत्यानं ती गाडीतच कालवली, वाटीत घातली, खण बांधला. मी वाटी मांडीवर घेतली, पण मघासारखी दोन्ही हातांनी धरवेना. पंखा सगळा रस्ताभर घर्रर्र घर्रर्र करत होता.

झांबऱ्यांच्या दारात मांडव होता. शालनचे वडील, ज्योतीराम आण्णा, ऑइल इंजिनं आणि विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे, त्यांचं शेड घराला लागूनच होतं. मामानं गाडी मांडवाच्या तोंडाशी, रांगोळीच्या कडेला लावली आणि नेहमीप्रमाणे आतच बसून राहिला.

"आली बाई करवली!" एका बाईनं आवाज दिला. "हळद उन्हात वाळवून आणली का काय गं?"

"वाळवून न्हाई, जात्यावर दळत दळत आली असंल," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एरवी आत्या अशा टोमण्याला दोन टोमणे परत करणारी बाई, पण ती नुसतीच हसली.

माजघरात शालन जुनी साडी नेसून पाटावर बसली होती. तिच्यामागं आजी. वाळलेल्या शेंगेसारखी बारीक म्हातारी, पण डोळे टपोरे. आत्यानं वाटी तिच्या हातात दिली. आजीनं खण सोडला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हळद घेतली, चोळली, नाकाजवळ नेली आणि वाटी शेजारी ठेवली.

"पावण्या उन्हातनं आल्यात. आधी पाणी द्या त्यास्नी," ती म्हणाली.

"हळद लावायची न्हवं, आत्याबाई?" कुणीतरी आजीला विचारलं.

"लावू की. घाई काय हाय?"

पाणी आलं. गूळ आला. मी पेला तसाच खाली ठेवला. शालननं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "घाटात तापली का गाडी?"

मी मान हलवली. ती हसली. इतकं साधं हसली, की मला तिच्याकडं बघवेना. आजी मात्र बघत होती. आधी आत्याकडं, मग माझ्याकडं. वाटीला तिनं पुन्हा हात लावला नाही.

तेवढ्यात बाहेर पोरांचा गलका झाला.

"गाडीतनं कुंकू गळतंय! गाडीतनं कुंकू!"

बायका उठून दाराकडं धावल्या. मीही गेले. गाडीच्या नाकाखालून लाल पाणी ठिबकत होतं आणि त्याचा ओघळ थेट मांडवातल्या पांढऱ्या रांगोळीत शिरला होता. मामा गाडीतून उतरून बावरल्यासारखा बघत होता.

"अगं बाई, रगात!" एक म्हातारी म्हणाली.

"मांडवाच्या दारात?"

"हळदीच्या दिवशी! हे काय बरं न्हवं."

"पयल्या ठिकाणी पण असंच काय तरी झालं होतं म्हणं त्या पोराचं. दिवा का काय इझला होता."

मी ते ऐकलं. आत्यानं माझा दंड घट्ट धरला. पण मागं आजी उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, कुजबुज वाढत चालली होती, आणि मला दादाचा सकाळचा हळदीनं माखलेला, हसणारा चेहरा दिसत होता.

"रक्त नाही ते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "हळद आहे. दादाची हळद आहे ती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मग मी थांबले नाही. गाडी घाटात तापली, मी पाण्याला गेले, मामानं वाटी रेडिएटरमध्ये ओतली, त्याला माहीत नव्हतं, वाटीतली हळद दुकानातली आहे. सगळं एका दमात सांगितलं. "साबणानं लाल झालंय ते पाणी. भोकात साबण लावलाय. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना, तसं. अपशकुन नाही हो. दादाचा काही दोष नाही." नाक, डोळे सगळंच वाहायला लागलं.

आत्यानं माझा दंड सोडला. मामा दोन पावलं पुढं आला आणि आजीपुढं हात जोडून उभा राहिला. "माझी चूक हाय. पोरीची न्हाई. मला काय बी बोला. मला वाटलं, उरलेली म्हंजे उरलेली."

"म्हशीला घालतोच की आपण," आत्या एवढ्यातूनही पुटपुटली.

आजी उंबऱ्यातच खाली बसली. आता ती उठून काय म्हणेल यावर माझ्या भावाचा संसार होता, आणि ती बसून राहिली होती.

आण्णा शेडमधून गाडीपाशी आले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, बॉनेट वर केलं, पंखा हातानं धरून पुढं-मागं हलवला. तो डुगडुगत होता. मग खाली वाकून बोटानं चाचपलं आणि साबणाचा मऊ, लाल गोळा काढून तळहातावर धरला.

"ह्ये कुणी लावलं?"

"मीच," मामा म्हणाला. "नेहमीच लावतो. भोक पडलंय त्याला."

"पडलं न्हाई पाव्हणं, पाडलंय." पोरं भोवती जमली होती. आण्णांनी त्यांतल्या एका लहानग्या पोरीला उचलून बॉनेटशी धरलं. "बघ, ह्यो पाण्याचा पंप. इंजिन तापतंय नव्हं? त्याच्या अंगात पाणी फिरवत ऱ्हायचं काम ह्याचं. ह्याच्या आत एक सील असतंय. मंजी काय?"

"बूच," ती पोर म्हणाली.

"शाब्बास. बूच. ते झिजलं की पाणी आत शिरतं, बेअरिंगच्या दिशेनं. बेअरिंगला पाणी लागलं की ती खल्लास. म्हणून पंप करणाऱ्या माणसानं मुद्दाम खाली भोक ठिवलंय. आतलं बिघाडलं की तिथनं थेंब पडायचा. थेंब पडला की मालकाला समजायचं. ते बुजवायचं नसतं. बुजवलं तर पाणी आतल्या आत ऱ्हातं आणि सगळं खाऊन टाकतं. हितं तेच झालंय." मग मामाकडं बघून ते अगदी मऊपणे म्हणाले, "गळलं म्हणून कळलं. गळू द्यायचं."

मामा त्या लाल गोळ्याकडं बघत राहिला.

"ज्योत्या, काय म्हणालास?" आजीनं उंबऱ्यातून विचारलं.

"गळलं म्हणून कळलं, म्हटलं आये."

आजी उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. माझ्यासमोर आली, आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं, नाकसुद्धा पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं जोरात. आणि विचारलं, "जेवलीस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"सकाळधरनं?"

"हो."

"तर मग." ती बायकांकडं वळली. "ह्या पोरीला आधी वाढा. आणि ते रगात-रगात कोण म्हणालं? घरी धुणं धुता का न्हाई गं तुम्ही? हळदीला साबण लागल्यावर काय होतंय ते ठावं न्हाई? ज्योत्या, आता पंप काढायचा म्हंजे ते सगळं पाणी सोडशील न्हवं?"

"सोडावं लागंल. त्याबिगर पंप उतरत न्हाई."

"मग सोड. पर भुईवर न्हाई, घमेल्यात. नवीन घमेलं घे."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. आण्णांनी रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली. घमेल्यात पिवळं पाणी पडायला लागलं, थोडं गंजाचं, थोडं वाफेचं. बायका वाकून बघत होत्या. पाणी निवलं, हळद खाली बसली. आजीनं वरचं पाणी निथळून टाकलं आणि खालचा गाळ आमच्याच खणाच्या तुकड्यातून स्वतः गाळला. मूठभर पिवळसर तांबूस लगदा निघाला. तो वाटीत घालून, त्यावर ताजी हळद घालून, ती माजघरात गेली आणि शालनच्या कपाळाला पहिलं बोट लावलं.

"तिथनं हितं पोचायला लई खटपट केलीया ह्या हळदीनं," आजी शालनला म्हणाली. "आता गंज धरू नगंस म्हंजे झालं."

शालन हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. मग सगळ्याच हसल्या. आत्यानं मोठ्यानं गाणं सुरू केलं, तेही मामावरच. उरलंसुरलं म्हशीला घालणाऱ्या पाहुण्यावर जागच्या जागी तिनं कडवी जोडली. तीन-चार बायका दारातून बाहेर धावल्या आणि मामाला धरून आणलं. मारुतीपुढं दिलेला शब्द बाजूला ठेवून आयुष्यात पहिल्यांदा तो त्या खोलीत आला. आजीनं त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"आता कळलं का कसली असती?"

"कळलं," मामा म्हणाला आणि पळाला.

जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेले. आण्णांनी पंप उतरवला होता. आतल्या बेअरिंगची गोळी नि गोळी गंजली होती. त्यांनी मापाची बेअरिंग बसवली, विहिरीवरच्या पंपाचं एक सील घासून घासून त्या जागी आणलं. मामा चेहऱ्यावर हळद घेऊन पाना द्यायला उभा होता.

"आता दोन लोखंडांच्या मधी कागद लागतो," आण्णा म्हणाले. "जाड कागद. म्हंजे झिरपत न्हाई." त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि खुंटीवरून लग्नपत्रिका काढली. शालन आणि दिगंबरचीच. "गणपती तेवढा बाजूला काढू. ये पोरी, तू कर."

"मला नाही येत."

"आल्यावर मग शिकवायचं काय ऱ्हातंय? ये."

त्यांनी पत्रिका पंपाच्या तोंडावर धरली आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हळूहळू ठोकायला सांगितलं. लोखंडाची कड कागदाला आपोआप कापत जाते. माझा पहिला कागद फाटला. त्यांनी दुसरी पत्रिका दिली. तोही फाटला. तिसरी दिली. "पत्रिका रग्गड उरल्यात," एवढंच म्हणाले. एकदाही माझ्या हातातून हातोडी घेतली नाही. तिसरा नीट उतरला. ग्रीस लावून तो पंपाला बसवला, तेव्हा त्याच्यावर चि. सौ. कां. एवढी अक्षरं दिसत होती. मग पंख्याचा पट्टा चढवला, पाणी भरलं, गाडी चालू केली. आम्ही तिघं खाली वाकून त्या भोकाकडं बघत बसलो. भोक उघडं होतं आणि कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. दादाला आम्ही सगळं सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की मुंडावळ्या सुटल्या. वडील हसले नाहीत. ते उठून मामाकडं गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

वरात निघाली. दादा पुढं मामाशेजारी, मागं नवी वहिनी आणि मी. सुर्लीच्या घाटात मामानं त्याच वळणावर गाडी थांबवली. तापली नव्हती. त्यानं उतरून बॉनेट उघडलं, खाली वाकून भोक बघितलं, दादाही त्याच्या शेजारी वाकला.

शालनवहिनी माझ्या कानाशी आली. "एक सांगू? वाटी हातात घेतल्याबरोबर आजीला कळलं होतं."

"काय?"

"हळद दुकानची हाय ते. नवऱ्याच्या हळदीला तेलाचा वास असतो, घरच्या जात्याची भरड असते. ती माझ्या कानात म्हणाली, गप बस, बघू कोण सांगतंय."

"आणि कुणीच सांगितलं नसतं तर?"

वहिनीनं हातातला चुडा जरा फिरवला. "वाटी परत पाठवायची म्हणाली. गाडीतच."

मी तिचा चुड्याचा हात घट्ट धरला.

"मी देवाला म्हणत होते," वहिनी म्हणाली, "की ह्यांच्यातलं कुणीतरी बोलू दे. म्हणून तर तुला विचारलं, घाटात तापली का. तेव्हा नुसतीच मान हलवलीस." मग ती हसली. "तू जेवायला गेल्यावर आजी काय म्हणाली सांगू? म्हणाली, ज्या घरात चुकलेलं सांगणारं एक जरी माणूस असंल, तिथं पोरगी द्यायला हरकत न्हाई. बाकीच्यांचं काय, शिकतील."

मामा गाडीत येऊन बसला. "कोरडंय," तो म्हणाला, आणि आम्ही निघालो.

आजी त्यानंतर थोडीच वर्षं होती. मी विट्याला गेले की ती पहिल्यांदा जेवलीस का विचारायची आणि मग, गाडी काय म्हणती. मामानं त्या पंपाच्या भोकाला पुन्हा कधी हात लावला नाही. दादा-वहिनीचा संसार माझ्या डोळ्यांसमोर झाला. भांडणं झाली, पण आत काही साठून राहिलं नाही. पुढं कधी तरी पंप पुन्हा उघडला, तेव्हा तो कागद तेलानं काळा पडला होता, पण जागेवर होता. वहिनीनं तो पुसून देवघरात ठेवला. मामा गेला त्या वर्षी तिनं तो मला दाखवला. अक्षरं वाचता येत नव्हती, पण आम्हाला येत होती.

मी शिक्षिका झाले. आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग मागून घेतले, आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीतली पोरं संध्याकाळी माझ्या ओट्यावर पाढे म्हणायला येतात. आण्णांसारखं पोरांना पहिले दोन कागद फाटू द्यायला मी शिकले. ते जमायला वेळ लागला. चुकलेलं सांगणाऱ्याला आजीसारखं आधी जवळ घेणं त्याहून कठीण होतं.

परवा त्यांतला सोपान आला. दारात उभा राहिला, आत येईना. "बाई, तुमच्या कुंडीतलं ते झाड," तो म्हणाला, "मांजरानं न्हाई मोडलं." आणि त्याचं नाक, डोळे सगळंच वाहायला लागलं.

मी उठले. पदरानं त्याचं तोंड पुसलं, नाकसुद्धा, जरा जोरातच.

"जेवलास का रे?" मी विचारलं.